कौतुकाचा चहा

सोमवार, ३ मार्च
मालकांनी बोलावलं. महिन्याभरात शिलाईच्या हॉलमधले तिघं काम सोडून गेले, त्याचं त्यांना भारी वाईट वाटतंय. मला नाही. पडदे शिवणारे पैशाला पासरी मिळतात. पण मालकांनी कुठंतरी ऐकलंय की माणसांना अप्रिसिएशन लागतं. चार चांगले शब्द बोलत जा म्हणाले. आणखी माणसं गेली तर तुमचा वेगळा विचार करावा लागेल, असंही म्हणाले. म्हणजे प्रमोशन डोक्यात आहे.
माझ्या मते पगार हेच कौतुक. पण ठीक आहे. संकल्प: उद्यापासून कौतुक. झाडून सगळ्यांचं.

मंगळवार, ४ मार्च
आधी घरी प्रॅक्टिस केली. भाजी छान झालीय, असं बायकोला म्हणालो. तिनं पळी खाली ठेवली आणि विचारलं, तुमच्या भावाला पुन्हा आपल्याकडे राहायला बोलावलंय का? नाही म्हटलं तरी पटेना. शेवटी मीठ कमी आहे असं सांगितलं, तेव्हा जेवायला बसली. काही लोकांना कौतुक पचतच नाही.

बुधवार, ५ मार्च
हॉलमध्ये राउंड. पडद्यांना हुक लावणाऱ्या मावशींच्या मागे उभा राहून ‘छान!’ म्हणालो. बाईनं सगळा पडदा उसवला. दुपारपर्यंत पुन्हा शिवत होती. चौकशी केली तर म्हणे, साहेब छान म्हणाले की कशाची तरी वाट लागलेली असते. साधं मराठी कळत नाही या लोकांना. यांच्यासाठी मी घसा कोरडा करायचा!

गुरुवार, ६ मार्च
नवीन आयडिया: दाराशी बोर्ड, ‘या आठवड्याचा हिरा’. लायक एकही सापडला नाही. नमुना म्हणून तूर्त माझाच फोटो लावला. संध्याकाळी त्याला मिश्या काढलेल्या होत्या. शोभत होत्या, तो भाग वेगळा. संशय पॅकिंगवाल्यावर. कायम एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून फिरतो. मी त्याला एरंडेलच म्हणतो.

शुक्रवार, ७ मार्च
आज कमाल झाली. केबिनमध्ये बोलावून एकेकाला चहा पाजायचा, तोही कपबशीतून. हा मान आजवर फक्त काढून टाकलेल्यांना मिळाला. स्टोअरकीपरला काढलं तेव्हा असाच पाजला होता. माणूस नरमला, गुपचूप सही करून गेला. मग चालू नोकरांना का नको?
पहिला नंबर कटिंग मास्तरचा. हॉटेलची मोठी ऑर्डर त्याच्या कात्रीवर अडलीय. आला, कपबशी पाहिली, खुर्चीच्या टोकावर बसला. मी स्वतः उठून चहा ओतला. घरी कोण कोण असतं विचारलं. मास्तर रडायला लागला! आपलं काय चुकलं, असं विचारलं त्यानं. मी म्हणालो, चुकलं कुणाचंच नाही, हे मी कधीच करायला हवं होतं. मग कधीपर्यंत, असं विचारलं. मी म्हटलं, निदान ही ऑर्डर तरी पुरी करा. हात जोडून गेला. चहाला तोंडही लावलं नाही. इतका भारावला.
कौतुकाची ताकद ही. मालकांना कळवलं.

सोमवार, १० मार्च
मास्तर आला नाही. भावना आवरल्या नसतील.
मावशींना चहाला बोलावणं पाठवलं. मशीन सोडून येता येत नाही म्हणाल्या आणि ओक्साबोक्शी रडत वॉशरूममध्ये गेल्या. एरंडेल मात्र आला. मी किटली उचलायच्या आत म्हणाला, चहा राहू द्या, अनुभवाचं सर्टिफिकेट द्या. मागितलं तर देतो की! ‘मेहनती, प्रामाणिक, हसतमुख’ असं लिहून दिलं. यातला एकही शब्द खरा नाही, पण कौतुक म्हणजे दुसरं काय असतं?

बुधवार, १२ मार्च
नमकहराम! मास्तर समोरच्या सोफेवाल्याकडे लागला. मावशी, एरंडेल आणि अर्धा हॉल त्याच्यामागे. इतका चहा कुणी पाजला असता?
बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, नोकरीवरून काढताना सोडून कुणाला कधी त्या केबिनमध्ये चहा दिला होता का? मी म्हणालो, त्याचा इथं काय संबंध. तिनं माझं ताट उचललं. मग कौतुक कशाशी खातात ते तुम्हाला ठाऊक नाही, असं म्हणून आत गेली. तिला मॅनेजमेंट कळत नाही.

शुक्रवार, १४ मार्च
मालक स्वतः समोर जाऊन सगळ्यांना परत घेऊन आले. मास्तरची एकच अट होती, हॉलमध्ये मी नको. आजपासून मॅनेजर मास्तर. मी स्टोअरमध्ये, हुक आणि दोऱ्यांच्या रिळांपाशी.
मालकांनी माझा वेगळा विचार केला म्हणायचा. स्टोअर हा कारखान्याचा कणा असतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

सोमवार, १७ मार्च
नवा मॅनेजर राउंडला निघाला. ना बोर्ड, ना ‘छान!’, ना चहा. कशाची पद्धत नाही. टेबलाशी थांबतो, दोन शब्द बोलतो, पुढे जातो. याला मॅनेजमेंट म्हणत असतील तर आनंद आहे.
मग स्टोअरमध्ये आला. आता टोमणा मारणार, म्हणून मी जोरदार उत्तर तयार ठेवलं होतं. मास्तर म्हणाले, वरच्या फळीला तुमचा हात पोचत नसेल, स्टूल पाठवतो. मग विचारलं, जेवलात का?
हो म्हणालो. जेवलो नव्हतो. डबाच आणला नव्हता. बायकोला स्टोअरचं अजून कळलेलं नाही, तिनं काही विचारायच्या आत सकाळी भूक नाही म्हणून निघालो होतो. इतकी वर्षं इथं काढली, मला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं. पाठ फिरवून हुक लावत बसलो.
ठरवलं की उद्या मास्तरांना खरं सांगायचं. माझ्यापुरतं खास विचारलं म्हटल्यावर एवढं तर करायलाच हवं.
तेवढ्यात भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. एरंडेलला विचारत होते, जेवलास का. मग मावशींना. मग झाडूवालीला.
फार वाईट वाटलं.