चौथ्या कमानीखालचा पाव

वाल्लेपिआना, ८ मार्च १९६४

ती. एर्सिलियाताईस,
धाकट्या सेत्तिमियोचा सा. न. वि. वि.

बातमी वाईट आहे. जानेवारीच्या पावसात जुन्या रोमन जलसेतूची आपल्या घराण्याची चौथी कमान कोसळली. दोन हजार वर्षं उभी होती, पडायची ती आपल्याच नशिबात. सरकारनं तारेचं कुंपण घातलंय. तेव्हा ईस्टरच्या सोमवारी कमानीखालचं जेवण बंद. उगाच तोरिनोहून एवढी यातायात करू नकोस. आईचे डोळे अधू झालेत, तिला दगडांची रास दाखवायला नेणं जिवावर येतं.

लेक तीन ईस्टर आली नाही तर पाव कापायची सुरी सुनेकडे जाते, त्याची धास्ती घेऊ नकोस. कमानच नाही तर सुरी कसली? पिएरिना म्हणते, वन्सं नाहीत तर एवढा मोठा पाव भाजायचा कुणासाठी. तिकडचे लोक म्हणे नुसता भात खातात. जपून राहा.

धाकट्यावर जीव असू दे.
सेत्तिमियो

तोरिनो, २९ एप्रिल १९६५

चि. सेत्तिमियो यास अनेक आशीर्वाद.

यंदा आईला तूच घेऊन येतोस म्हणालास, म्हणून ईस्टरला दिवसभर स्टेशनवर बसले. मग तुझी तार आली, आईला ताप. उतरला का? मला वर्षात तेवढीच सुट्टी असते रे.

आईचा मजकूर तूच लिहितोस, पण हल्ली तिचा एक शब्द पत्रात नसतो. माझ्यावर रागावली आहे का, विचार. शिवून शिवून माझ्या बोटाची चाळण झाली आहे. ती जवळ असती तर मध लावून बसली असती. कमानीचा एखादा दगड माझ्यासाठी ठेव.

पिएरिनाला माझी आठवण सांग.
तुझी ताई

तोरिनो, १४ एप्रिल १९६६

सेत्तिमियो,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

आमच्या कारखान्याची सहल रोमला गेली होती. सोमवारी बस जलसेतू बघायला निघाली. मनात म्हटलं, आपले पडलेले दगड बघू आणि घरी जाऊन सगळ्यांना चकित करू. चौथी कमान अख्खी उभी होती. खाली कोकरू भाजत होतं, आणि पिएरिना माझ्या सुरीनं पाव कापत होती. मैत्रिणी तुमचे फोटो काढत होत्या.

वाटसरूला पावाचा तुकडा द्यायचा, हे आई विसरली नव्हती. खांबाला धरून ती स्वतः वर रस्त्यावर आमच्या बसपाशी आली आणि एकेकीच्या हातावर तुकडा ठेवत गेली. माझ्याही. मंडळी तोरिनोची म्हटल्यावर म्हणाली, माझी लेक तिथंच असते, आता मोठी झाली, कमानीखाली जमिनीवर बसायची तिला लाज वाटते असं कळवलंय तिनं. मी असं कधी लिहिलं? तुकडा मुठीत धरून मी तशीच बसमध्ये चढले. बस सुटली.

केसानं गळा कापलास. परक्यानं केलं असतं तर विसरले असते.
एर्सिलिया

वाल्लेपिआना, २४ एप्रिल १९६६

ती. ताईस सा. न.

पिएरिनाचं माहेर डोंगरापलीकडचं, तिच्या लोकांना कमान नाही. सुरी हाती आल्याशिवाय या गावात सुनेला कोण विचारतं? रोज रडायची. तू तर कायमचीच गेलीस. वाटलं, तीन वर्षांत विसरशील. कमान पडली म्हणालो, मग आईला काहीतरी सांगणं भाग होतं.

चुकलो. पण आईला हे कळवू नकोस. ती या घरात एक दिवस राहायची नाही.

माया तोडू नकोस.
सेत्तिमियो

वाल्लेपिआना, २ मे १९६६

चि. एर्सिलिया हिस आईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर पोस्टातल्या दोनाताचं आहे. सेत्तिमियोला सांगितलं नाही, कारण गोष्ट तुझी-माझी आहे.

डोळ्यांना दिसत नाही, पण पाव घेताना तुझं बोट हाताला लागलं. लेकीचं बोट आईला कळतं. किती टोचून घेतलंस गं. मला हाक मारायची होती. पण तू गप्प राहिलीस, तेव्हा समजले, चार मैत्रिणींत तुला ओळख द्यायची नाही. म्हणून मीही परकीच राहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. रात्री जेवले नाही.

बोटाला मध लाव. पुढच्या ईस्टरला पुन्हा बसनंच ये. मी वर येऊन अशीच परक्यासारखी पाव देईन. मोठा तुकडा देईन. कुणाला कळणार नाही.

तुझी आई