मधला ‘ल’ गिळायचा नाही

४ जानेवारी

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोनवर बाबांचं नाव निघालं की तू विषय बदलतेस, म्हणून पत्र. त्यांच्या अर्धांगाच्या झटक्याला दोन महिने झाले. तोंडातून शब्द नाही. पाणीसुद्धा खुणेनेच मागतात. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. परवा त्यांनी बाबांची शाळेतली फ्रेंचची वही पुढे ठेवली, तर बाबांचं बोट एका लांबलचक क्रियापदावर थांबलं आणि ‘पार’ एवढं निघालं. बाई म्हणतात, पस्तीस वर्षं शिकवलेलं कधीकधी आधी परत येतं. तुकडे पाडून म्हणून घ्या. पण मी पडलो वायरमन. माझा उच्चार ऐकून ते भिंतीकडे तोंड फिरवतात. शब्द चिठ्ठीवर उतरवून पाठवतोय. कसा तोडायचा, एवढं कळव.

लोभ आहेच, तो थोडा या घराकडेही वळव.

तुझा धाकटा

११ जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पार-ल-र्यों. अर्थ, ‘आपण बोललो असतो’. र आणि ल यांच्या मधून तोडायचं. शेवटचा ‘स’ फक्त लिहायचा, ‘यों’ नाकातून काढायचा. एरवी बोलताना मधल्या ‘ल’चा स्वर गिळतात. इथे गिळायचा नाही, नाहीतर ल, र, य एकमेकांच्या अंगावर कोसळतात. शॉक बसल्यासारखं म्हणू नकोस, सावकाश म्हण.

हे त्यांनीच मला खिडकीपाशी उभं करून घोटून घेतलं होतं. तोंडी परीक्षेत मी तिथेच अडखळले. फ्रेंच सोडून शिवणकाम धरलं, तेव्हापासून त्यांनी मला हाक मारणंच सोडलं. अकरा वर्षं झाली. मी कळवलं असं सांगू नकोस.

तब्येतीला जप, माया असू दे.

ताई

२३ जानेवारी

ती. ताईस सा. न.

दोन तुकडे आले. मी ‘ल’ पुरता म्हटला, तसे ते माझ्याकडे बघतच राहिले. एवढा बारकावा माझा नव्हे, हे त्यांनी ओळखलं. हात पुढे केला. मी तुझं पत्र दिलं, माफ कर. वाचून बराच वेळ रडले. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधीही येईल. तू ये.

धाकटा

३० जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

शिवणाच्या दुकानाच्या मालकीणबाई सुट्टी देत नाहीत असं लिहिणार होते, पण मी मागितलीच नव्हती. समोर गेले आणि त्यांनी तोंड फिरवलं तर, ही भीती. अखेर आज मागितली, पुढल्या महिनाअखेरचीच मिळाली. अठ्ठावीस फेब्रुवारीचं तिकीट काढलंय. तिसरा तुकडा मी येऊन म्हणून घेईन, सांग त्यांना.

ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

काल बाबा गेल्याचं सांगितलं, तर आता येऊन काय करू म्हणालीस आणि फोन ठेवलास. राहिलेलं लिहितो.

तिसरा तुकडा आला नाही. तू येणार कळल्यावर त्यांनी वही बाजूला सारली आणि डाव्या हाताने पाटीवर रेघा मारून लिहिलं, ‘चि-म-णी’. रोज सकाळी तेवढंच चालायचं. बाईंना वाटलं, खिडकीतल्या पाखरांबद्दल आहे. लहानपणी ते तुलाच अशी हाक मारायचे, हे मी सांगितलं. शुक्रवारी ते सलग म्हणाले, दोनदा. मी तुला फोन लावायला उठलो, तर त्यांनी मनगट धरून बसवलं. तुझ्या समोरच म्हणायचं होतं त्यांना. मी त्यांचं ऐकलं. ऐकायला नको होतं.

तिकीट रद्द करू नकोस. मी स्टेशनवर येतो.

धाकटा