वासावरच्या बायका

प्रिय कडूमावशी,

मोनिकाला म्हणावं, सावकाश वाच, आजीसाठी मधलं काही गाळू नकोस. ‘रानमोर’ बिअरच्या कंपनीत मी आता ऑफिसात आहे, हे तुला कळलंच असेल. ब्रँडला चाळीस वर्षं होतात म्हणून पुस्तिका निघतेय. घरातली पहिली ग्रॅज्युएट, त्यात मराठी घेऊन, म्हणून इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. सोमवारी मजकूर छापायला जातो. त्यात तुझं नाव घालू का, हे त्याआधी तुला विचारायचं आहे.

साहेबांच्या टिपणात जर्मन यंत्रं होती, मोराचं लेबल होतं, मुंबईवाल्यांनी कंपनी घेतली ते होतं. लागर म्हणजे गारव्यात सावकाश मुरवलेली बिअर, हेही होतं. सगळं खरं. पण सुरुवातीला श्रीरामपूरहून ट्रकभर माल परत आला, बिअरला रॉकेलचा वास मारतो म्हणून, ते नव्हतं. लोक रिकाम्या बाटलीत रॉकेल भरायचे, तीच बाटली भंगारातून परत यायची आणि धुऊनही वास जायचा नाही. मग कधी थेंबही न घेतलेल्या बायका धुतलेल्या बाटल्या हुंगायला, वासावर बसवल्या, म्हणून रानमोर टिकला. हे मी लिहिलं. मिशरी बंद, कांदा बंद, डोक्याला तेल नाही, गजरा नाही. वास आला की बाटली उलटी ठेवायची. गावात मात्र सरबताची फॅक्टरी सांगायचं, हे तुझं आणि आईचं ठरलेलं. माझ्या आजीला तू सांगायचीस म्हणे, राहीच्या लुगड्याला येतो त्यो लिंबाचा वास हाय.

ते पान साहेबांनी पुन्हा पुन्हा खोडलं. बायकांनी हुंगलेली बाटली गिऱ्हाइकाला रुचणार नाही, म्हणाले. शेवटी वैतागून म्हणाले, नावं आणि संमती आण, छापतो. सुट्टीच्या दिवशी उन्हातून घरं हिंडले. काहीजणी राहिल्या नाहीत. काहींच्या मुलांनी दारातूनच सांगितलं, आमच्या आईचं नाव दारूत नको. कॉलेजात वाटायचं, खरं लिहिलं की झालं. आता नुसतं बसून राहावंसं वाटतं, मावशी. उरलात तुम्ही दोघी.

तू ते काम सोडून टोळीबरोबर ऊस तोडायला का गेलीस, असं लहानपणी विचारलं की आई म्हणायची, तिला उन्हाचीच आवड. आणि उठून चुलीकडे जायची. मला वाटायचं, तुमचं भांडण झालं असेल.

काल मेथी निवडताना तिला ते पान वाचून दाखवलं. तिनं जुडी खाली ठेवली. म्हणाली, “जी रॉकेलची बाटली पुढं गेली आन कडूचं काम गेलं ना, ती कडूची नव्हती. माझी हुती. तुला पडसं झाल्तं, तुझ्यापायी मला. नाक पार चोंदलेलं. घरी बसवत्याल म्हणून बोलले न्हाई. मुकादम वराडत आला, तर कडू उठून म्हनली, माझी हाय. राहीच्या पदरात पोर हाय, माझं काय, कोयता हाय की.” मग जुडी पुन्हा उचलत म्हणाली, “लिवायचं आसंल तर कडूचं नाव आदी लिव. आन बाटली कुनाची हुती, ते बी लिव. पर तिला इचारून.”

मी शिकले ती आईच्या त्याच पगारावर. तू नको म्हणालीस तर पान काढून घेईन, जर्मन यंत्रं राहतील. वाल्मिकदादाचा टेम्पो नेवाशाकडे निघालाय, त्याच्याबरोबर हे देते. उत्तर लिहवून घेत बसू नकोस, फोन कर. मला नको, आईला कर. कालपासून तिला तुझा नंबर दोनदा लावून दिला. दोन्ही वेळा रिंग वाजायच्या आत तिनं कापला.

तुझीच,
पडसं झालेली ती पोर,
अश्विनी