मोटारसायकलीच्या किमतीचं यंत्र

प्रिय अहो,

दोनदा फोन केला, माझा आवाज ऐकताच तुम्ही बंद केलात. मग पत्राशिवाय वाट उरली नाही.

तामलवाडीत द्राक्षांवर फवारणी चालू आहे. परवा शेजारच्या बागेवर भाड्याचा ड्रोन आला, तशा तुमच्या आई हातातलं टाकून घरात पळाल्या. हा औषध मारायचा ड्रोन आहे, असं मामंजी कितीदा सांगतात, पण आईंची धडधड थांबत नाही. माझीही थांबत नाही. गेल्या सुट्टीत तुम्ही हसत सांगितलं होतंत की सीमेवर येणारं असलं यंत्र मोटारसायकलीच्या किमतीत बनतं, ते पाडायला मात्र आपला दारूगोळा ढिगानं जातो. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

जीप उलटली, किरकोळ लागलंय, पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आहे, कुणी येऊ नका, असं तुम्ही कळवलंत. मामंजींनी खरं मानलं. मला पटलं नाही. तुमच्याच तोफेवरचे मल्लिकार्जुन भावजी सुट्टीवर आलेत कळलं, तशी मी उमरग्याला त्यांच्या घरी गेले. खोदून विचारलं, तेव्हा ते हळूहळू बोलले. त्या संध्याकाळी आधी आलेले ड्रोन रिकामेच होते. तुम्हाला गोळ्या उडवायला लावायच्या, तोफ कुठं आहे ते हेरायचं, एवढंच त्यांचं काम. स्फोटकं भरलेला मागून आला, अगदी जमिनीलगत उडत. "वहिनी, शिवशंकरनं मला खंदकात ढकललं अन् स्वतः तोफ सोडली न्हाय," ते म्हणाले. तुम्ही तो पाडलात, पण फार जवळ. बाकी सगळे वाचले.

तुमचा निरोपही त्यांनी सांगितला, तिला म्हणावं माहेरी जा, अजून वय आहे. लई राग आला मला. माझ्या जन्माचं मला न विचारता ठरवलंत?

हे पत्र माझ्याबरोबर पुण्याला आलेले भावजीच तुम्हाला वाचून दाखवतायत. त्यांचा आवाज अडखळला तर रागावू नका. तुम्हाला आता वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांना भेटले. दोन्ही डोळ्यांचं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी अजून बोलले नाही, ते आपण दोघांनी मिळून सांगू. मी इथंच आहे, वॉर्डाच्या बाहेर. नको म्हणालात तरी आत येणारच, पण तुम्ही हाक मारलीत तर पाय लवकर उचलतील.

तुमचीच,
प्रतीक्षा