एकाच गोळीच्या दोन किमती

मी, नोएमी किलोद्रान बुस्तोस, वय सेहेचाळीस, अविवाहित, तोमे नगरपालिकेच्या ग्रंथालयात नोकरीस, टेकडीवरील घर क्रमांक १४७ येथे राहणारी, हे लिहिते आहे. मी शुद्धीवर आहे, तसे हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मी संशयी आहे, ते कुणी लिहून देण्याची गरज नाही. दहा जूनला कॉन्सेप्सियोनच्या रुग्णालयात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, आणि त्याच दमात म्हणतात की कागदपत्रे उरकून घ्या.

माझे आई-वडील हयात नाहीत, मूलबाळ नाही. त्यामुळे माझ्या मिळकतीत कायद्याने कुणाचाही राखीव वाटा नाही. हे मी तीन वकिलांना विचारले. तिघांनी एकच उत्तर दिले, म्हणून चौथ्याला विचारले.

घर आणि थोडी शिल्लक यांच्यासाठी एक पान पुरले असते. खरे कारण वेगळे आहे. नऊ वर्षांपूर्वी मी बेलिसारियो ओयार्सो या औषध दुकानदाराचे नाव धुळीला मिळवले. ते परत देता येते का, हे मला मरण्यापूर्वी किंवा मेल्यावर ठरवायचे आहे. यांपैकी कधी, यावरून हा मजकूर दोनदा फाडून लिहावा लागला.

कलम एक. घर, त्यातील सामानासह, माझी भाची यास्ना हिला द्यावे. यास्ना माझ्या भावाची, आर्नोल्दोची मुलगी. तिने घर विकायचे ठरवले तर ते वडिलांच्या सांगण्यावरून विकू नये. हे वाक्य अन्यायाचे आहे का, असे मी माझ्या रोजच्या वहीत दोनदा लिहून पाहिले. दोन्ही वेळा वाक्य तसेच ठेवले.

कलम दोन. रक्तदाब मोजायचे यंत्र आर्नोल्दोला द्यावे. त्यानेच ते आईसाठी आणले होते. आर्नोल्दो वीस वर्षे चौकातल्या एका मोठ्या साखळी दुकानात औषधे विकतो. तिथे गिऱ्हाइकाला स्वस्त गोळीवरून महाग गोळीवर वळवले की विक्रेत्याला खोक्यामागे काही पेसो मिळत. या कमिशनला आमच्याकडे दालचिनी म्हणतात. कायद्याने ती बंद झाली. दुकानातून ती बंद झाली नाही, हे खुद्द आर्नोल्दोनेच एकदा वाइनच्या तिसऱ्या पेल्यावर सांगितले.

दहा वर्षांपूर्वी संध्याकाळच्या चहाला त्याने आईपुढे एक निळे खोके ठेवले. वर ठळक अक्षरांत ‘तेन्सिव्राल’.

“ताई, तू आईला खडू खायला घालतेस, खडू,” तो म्हणाला. “बाराशे पेसोंत महिनाभराचं औषध येतं का कुठे?”

“आणि हे कितीला?”

“अठरा हजार नऊशे. तू नको देऊस. मी आणीन.”

आई म्हणाली, “भांडू नका. दोन्ही घेईन मी.” आम्ही हसलो. आई थट्टा करत होती. मी मात्र पुढे नेमके तेच केले.

कलम तीन. वही क्रमांक सतरा, म्हणजे २०१४ च्या ऑगस्टपासून पुढची, बेलिसारियो ओयार्सो यांना द्यावी. बाकीच्या वह्या न वाचता जाळाव्यात. यास्ना वाचेल असे मला वाटते, पण लिहून ठेवते.

बेलिसारियोकाकांचे दुकान आमच्या टेकडीच्या मधल्या जिन्यापाशी होते. ते स्वतः औषधशास्त्राचे पदवीधर. स्वस्त जेनेरिक गोळ्या ठेवत, आणि प्रत्येकाला तेच ते समजावत, की कंपनीचे नाव वेगळे, आतले औषध एकच. मला ते पटत नसे. एकच वस्तू एका दुकानात बाराशेला आणि दुसऱ्या दुकानात त्याच्या पंधरापटीहून जास्त किमतीला मिळते, यात कुणीतरी खोटे बोलतो आहे, एवढे मला दिसत होते. कोण, ते मी ठरवू शकले नाही. स्वस्त गोळीत काहीतरी कमी असणार, असा एक संशय. महाग गोळीत नुसते खोकेच भारी असणार, असा दुसरा. दोन्ही संशय खरे निघाले तरी आई वाचावी, म्हणून दर रविवारी जेवणानंतर गोळ्यांचा आठवडी डबा भरताना मी सकाळच्या खणात काकांची गोळी ठेवली आणि रात्रीच्या खणात आर्नोल्दोची.

दोन्ही खोक्यांवर खाली बारीक अक्षरांत लोसार्टान असेच लिहिलेले होते, आणि तेवढ्याच मिलिग्रॅमचे. मी ग्रंथालयात पुस्तकांच्या आतल्या पानांवरची बारीक छपाई वाचून पोट भरते. ती खोकी मी वाचली नाहीत.

नोव्हेंबरात आई उठताना भिंत धरू लागली. मी काकांच्या दुकानात गेले, गोळ्या तपासून पाहाव्यात म्हणून. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“आईची ही एकच गोळी चालू आहे ना, शेजारीणबाई? खालच्या चौकातून काही आणत नाही ना?”

“नाही. तुमचीच.”

“नक्की?”

“सांगितलं ना.”

त्या दिवशीच्या वहीत मी लिहिले आहे: ‘गिऱ्हाईक दुसरीकडे जाते का, याची चौकशी चालू आहे. सावध राहावे.’ हे वाक्य माझ्या हस्ताक्षरात आहे. त्याखाली मी तेव्हा रेघही ओढली आहे, हुशारीची.

बारा फेब्रुवारी २०१५ ला सकाळी आई पाव आणायला निघाली आणि तिसऱ्या पायरीवर घेरी येऊन पडली. खुब्याचे हाड मोडले. एकोणीस दिवसांनी ती गेली. दुप्पट औषधानेच ती पडली, असे मी लिहू शकत नाही. मी विचारलेले दोन डॉक्टर म्हणाले की शक्य आहे, पण खात्रीने आता कुणीच सांगणार नाही. मी खोटे बोलले, हे मात्र मी खात्रीने लिहू शकते.

तेव्हा मी काय केले? आरोग्य खात्याला तक्रार लिहिली, की ओयार्सो यांच्या गोळ्या निकृष्ट आहेत. मार्चमधल्या वसतीमंडळाच्या, म्हणजे टेकडीवरच्या रहिवाशांच्या, सभेत उभी राहून सांगितले, की या दुकानाच्या औषधाने माझी आई गेली. मी रडत होते. रडणाऱ्या बाईला कुणी प्रश्न विचारत नाही. तपासनीस आले, गोळ्या नेल्या, काही दोष सापडला नाही म्हणून कळवले. तो कागद काकांनी दारावर आठवडाभर लावला होता. लोक म्हणाले, तपासनिसाला काहीतरी दिले असेल. हे पहिल्यांदा कोण म्हणाले, ते मला आठवत नाही, आणि मीच म्हणाले नसेन असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पुढच्या हिवाळ्यात दुकान बंद झाले. तेव्हापासून टेकडीवरचे लोक दोनशे पायऱ्या उतरून चौकात जातात.

या मार्चमध्ये हृदयाच्या डॉक्टरांनी मलाही रक्तदाबाची गोळी दिली. सवयीप्रमाणे मी दोन्ही प्रकारची खोकी आणून स्वयंपाकघराच्या टेबलावर शेजारी ठेवली, कोण किती लुटतो ते पाहायला. या वेळी बारीक अक्षरे वाचली. मग सतरावी वही काढली.

कलम चार. बँकेतील शिल्लक वसतीमंडळाला द्यावी. तिच्यातून सभागृहात एक मोठा फळा लावावा. टेकडीवर लागणाऱ्या प्रत्येक औषधाचे आतले नाव आणि कंपनीचे नाव एकाच ओळीत लिहावे, दोन्हींची किंमत समोर, आणि खाली ठळक: ‘ही एकच गोळी आहे. दोन्ही घेऊ नये.’ किमती दर महिन्याला दोघांनी वेगवेगळ्या दिवशी जाऊन विचाराव्यात. एकाच माणसावर सोपवू नये. मंडळाच्या सचिव सेल्मिराबाईंवर माझा विश्वास आहे, तरीही दोघांनी.

कलम पाच. (हे कलम खोडले आहे. नोटरींनी आणि मी बाजूला सह्या केल्या आहेत. त्यात असे लिहिले होते: ‘माझ्या मृत्यूनंतर वरील हकिगत सेल्मिराबाईंनी वसतीमंडळाच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावी, आणि घराची रस्त्यावर उघडणारी खोली बेलिसारियो ओयार्सो यांना दुकानासाठी द्यावी.’ ते का खोडले, तेही नोंदवते.)

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी हा कच्चा मजकूर घेऊन मी काकांकडे गेले. बंद दुकानाच्या मागच्या खोलीत ते राहतात. दारात बसून बटाटे सोलत होते. मी सगळे वाचले. ते सोलायचे थांबले नाहीत.

“खोली नको मला,” ते म्हणाले. “एकाहत्तर वर्षांचा आहे मी. आता काय दुकान थाटू? जिना चढता येत नाही मला, आणि गोळ्या वर कशा आणणार?”

“मग काय देऊ?”

“तेव्हा तुम्ही उभं राहून बोलला होतात. हे बसून लिहिलंय.”

“सेल्मिराबाई उभ्या राहूनच वाचतील. मी गेल्यावर.”

तेव्हा ते हसले. “म्हणजे मी तुमच्या मरणाची वाट बघत बसू? वय बघा, बाई, तुमचं आणि माझं. त्यात तुमचं ऑपरेशन चांगलं झालं तर माझं वाटोळंच की.”

मग त्यांनी बटाटा पाण्यात टाकला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “त्या दिवशी मला शंका आली होती. डबा दाखवा म्हणणार होतो. म्हटलं, शिकलेली बाई, राग येईल.” दुसरा बटाटा उचलत: “तेवढं माझंही चुकलंच.”

ते मला हलके करायला असे म्हणाले, की खरोखर नऊ वर्षे हे घेऊन बसले होते? घरी येताना मी याचाच विचार करत होते. त्यांच्या भलेपणावरही मला संशय आला, हे नोंदवून ठेवते.

शनिवार, अठरा मे. सभेला एकतीस माणसे होती. मी उभी राहून वरील हकिगत एका कागदावरून वाचली, रडले नाही, रडू येऊ नये म्हणून भराभर वाचले, तर मागून कुणीतरी म्हणाले, “हळू वाच, आता कसली घाई?” आर्नोल्दो दाराशी उभा होता.

“ताई, घरातलं घरात ठेवायचं असतं,” तो म्हणाला.

“आईच्या खोक्यांवर तू दालचिनी घेतलीस?” हे मी ठरवून विचारले नव्हते.

“ती खोकी मी माझ्या पगारातून घेत होतो. पूर्ण किमतीत.”

“मी ते नाही विचारलं.”

त्याने दाराची कडी धरली. “मिळायची ती मिळाली,” म्हणाला. “त्या पैशांतून मी आईला पीच आणायचो.” आणि निघून गेला. पीच आणायचा, हे खरे आहे. कलम दोन मी बदललेले नाही. कलम एकमधले ते वाक्य बदलावे का, हे अजून ठरलेले नाही. सही करेपर्यंत ठरले नाही तर ते राहील.

पाववाले ओसियेल उठले. “म्हणजे नऊ वर्षं आम्ही खाली उतरून पंधरापट मोजतोय ते हिच्या कृपेने? बिलं जपून ठेवलीत का कुणी? सगळी हिच्या दारात टाकू या.” लोक हसले, पण सगळे नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी स्वतःच्या पिशवीतून दोन खोकी काढून बारीक अक्षरे शोधू लागली आणि चष्मा कुणाकडे आहे म्हणून विचारू लागली.

बेलिसारियोकाका शेवटच्या रांगेत होते. ते पुढे आले, हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो उभ्यानेच पहिल्यापासून वाचला. सभा थांबून राहिली.

“सही आहे,” ते म्हणाले. “तारीख कुठाय?”

“राहिली.”

“तारखेशिवायचा कागद मी चाळीस वर्षांत कधी दुकानात घेतला नाही. घाला.”

मी त्यांच्याच पेनने तारीख घातली. त्यांनी फुंकर मारून शाई वाळवली, घडी न घालता कागद नेला. दुसऱ्या दिवशी तो बंद दुकानाच्या काचेला आतून चिकटवलेला होता, अक्षरे रस्त्याकडे. म्हणून कलम पाचची गरज उरली नाही.

हा मजकूर नोटरींनी मोठ्याने वाचला, मी मूळ कागदावर बोट ठेवून ऐकला आणि दोन ठिकाणी थांबवले. तो माझाच आहे. कलम एक जसेच्या तसे राहिले. खालील तीन साक्षीदारांपैकी कुणालाही यातून काही मिळत नाही; मी तिघांनाही तसे तोंडावर विचारून घेतले आहे.

साक्षीदार:
सेल्मिरा काबेसास, सचिव, वसतीमंडळ (सही)
ओसियेल मार्दोनेस, पाववाले (सही)
रुथ इनोस्त्रोसा, ग्रंथालयातील सहकारी (सही)

नोएमी किलोद्रान बुस्तोस (सही)

तोमे, बुधवार, २२ मे २०२४. तारीख मी स्वतःच्या हाताने घातली आहे.