ऐंशीच्या पुढे ऐकू येत नाही

तीर्थस्वरूप भावोजींना,

कानात कापसाचे बोळे घालून केलेला साष्टांग नमस्कार पोचावा. आपली तब्येत, आपला गुडघा आणि आपली ती मांजरीच्या पावलांनी चालणारी पेट्रोलची गाडी, तिघंही ठणठणीत असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे बरे आहेत. (सगळे म्हणजे मी आणि ही. तिसरं माणूस सध्या आपल्याकडे आहे आणि पत्र त्याबद्दलच आहे.) फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की ताई फोन ठेवते.

मुद्द्यावर येतो, पण गाडीवरून येतो, कारण ती आपण माझ्या गळ्यात मारलीत. "दणकट आहे, डिझेल आहे, तुझ्या धंद्याला अशीच हवी," असं आपण म्हणाला होतात. धंदा माझा ट्रक तोलायचे वजनकाटे तपासायचा. लोखंडी वजनं घेऊन हमरस्त्यावरच्या काट्याकाट्यावर हिंडायचं. म्हटलं, भावोजी सांगतायत म्हणजे विचार करूनच सांगत असणार. (स्वतःसाठी आपण वेगळीच गाडी घेतलीत, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.) दणकट ती आहेच. एकदा एका काट्याच्या खांबाला धडकली तर खांब बदलावा लागला. पण गल्लीत नुसती गुरगुरणारी ही बया हमरस्त्यावर ऐंशीच्या पुढे गेली की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. पाचव्या गिअरमध्ये इंजिन असं बोंबलतं की हात आपोआप सहाव्याकडे जातो, आणि सहावा नाहीच! कंपनीच्या माणसाकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, "सगळ्यांची अशीच वाजते. सवय होईल." (ओरडून म्हणाला. त्याला झालेली दिसत होती.) हॉर्न वाजला की नाही, हे पुढचा दचकला तरच कळतं. मागच्या लोकांसाठी छतात थंड हवेचा पंखा दिलाय, तो नेमका त्यांच्या कानाशी घोंघावतो.

आणि काचांची बटणं! साऱ्या जगात काचेचं बटण त्या त्या दारात असतं. ह्या शहाण्यांनी चारही बटणं पुढच्या दोन सीटांच्या मधे, हँडब्रेकला खेटून बसवली आहेत. म्हणजे मागच्या माणसाला वारा हवा असेल तर त्याने पुढच्याकडे अर्ज करायचा. पुढच्या सीटवर माझी वजनांची पेटी असते, त्यामुळे बाबा आणि ही मागे. बाबा सारखे वाकून ओरडणार, "काच खाली घे," लगेच "काच वर घे," मी "हो, हो" म्हणत बटण चाचपणार, आणि भलतीच काच खाली जाणार. आमचा पितापुत्रांचा प्रवासातला संवाद म्हणजे एवढाच.

गेल्या महिन्यात आम्ही आपल्याकडे येत होतो, त्या दिवशीची गोष्ट. शेजारून खडीचा ट्रक चालला होता. बाबा पुढे वाकले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बरंच बोलले. माझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच: "...का? ...कमी होईल." खडीचा ट्रक, कमी होईल! दुसरं काय असणार? काच लावतोस का, धूळ कमी होईल. मी जोरात म्हणालो, "हो बाबा, हो! मी केव्हाचा तेच सांगणार होतो!" आणि काच वर घेतली. पहिल्याच फटक्यात बरोबर बटण लागलं, भावोजी. मला त्याचा आनंद झाला. बाबांनी खांद्यावर थोपटलं आणि मागे टेकले. आरशात त्यांचं कपाळ तेवढं दिसत होतं. (आरसाही बेताचाच आहे.)

आपल्याकडून निघताना ते फाटकाशी म्हणाले, "मी थांबतो इथेच." मी म्हटलं, "थांबा की! हवं तितकं राहा." हेही मीच बोललो, आणि तेव्हा तर इंजिन बंद होतं.

मग ताईचा फोन आला. "बाबांनी तुला गाडीत विचारलं, मी आता लेकीकडेच राहू का, तुमची अडचण तरी कमी होईल. आणि तू म्हणालास, केव्हाचा तेच सांगणार होतो? जीभ कशी रेटली रे तुझी?" मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलेला.

अडचण हा शब्द बाबांनी कुठून उचलला, ते मला ठाऊक आहे. वजनांच्या पेट्या मी त्यांच्या खोलीत रचतो आणि रोज सकाळी त्या ओढताना करवादतो, "केवढी अडचण झालीय इथे!" पेट्यांना म्हणतो हो मी. बाबा तिथेच पलंगावर पाय वर घेऊन बसलेले असतात, मला वाट मिळावी म्हणून.

परवा दाराशी उभ्या गाडीत जाऊन बसलो. इंजिन बंद ठेवून बाबांचं ते वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून पाहिलं. शब्द न् शब्द ऐकू आला. समोरून पेपरवाला चालला होता, त्यालाही आला असावा. तो थांबून बघत होता.

तेव्हा कृपा करून हे पत्र बाबांना वाचून दाखवा. ओरडून नको, त्यांचे कान चांगले आहेत.

आपला, अजून तरी,
मेहुणा

ता.क. गाडी काढायची आहे. गिऱ्हाईक आलं तर आपणच बोला, आपल्याला जमतं. आवाजाचं विचारलं तर म्हणा, भारदस्त आहे.

दुसरा ता.क. पाकीट चिकटवण्याआधी हिने पत्र वाचलं. म्हणाली, "मागे मला सगळं ऐकू आलं होतं. बाबांचंही आणि तुमचंही." मी म्हटलं, "मग तेव्हाच बोलली का नाहीस?" तर म्हणते, "तुमच्या उत्तरानंतर बोलायचं काय उरलं होतं?" म्हणजे महिनाभर ही माझ्याशी तुटक वागते आहे ती ह्यापायी, आणि मी समजत होतो की गाडीने हिच्याही कानांना दडे बसलेत! तर आता बाबांना आणायला ती एकटीच येते आहे, बसने. मला नेत नाही. म्हणते, तुम्ही आलात की ते हो म्हणतील, पण मनातून नाही. तेव्हा पत्र वाचून दाखवू नका. ती विचारेल तेव्हा आपण तिथे असा, आणि बाबा काय म्हणाले ते तेवढं मला कळवा. जसंच्या तसं. नाही म्हणाले, तरीही.