लवूचा कैवारी

खालची वाडी, ता. देवगड
२ डिसेंबर १९६३

प्रिय लवू,

हे पत्र तुझ्या हाती पडण्याआधी तिथला, वेड्यांच्या इस्पितळातला, कारकून ते फोडून वाचणार, म्हणून पहिला नमस्कार त्याला आणि दुसरा तुला. सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. का, ते विचारशील. कारण आहे, पण एवढ्यात सांगत नाही. आधी बातम्या देतो. बातम्या देताना माणूस प्रामाणिक दिसतो.

वाडीला आता ग्रामपंचायत आहे. सरपंच सहदेव. तोच, ज्याची होडी तू सोडून दिलीस आणि खडकावर आपटून जिची फळकुटं झाली. हल्ली तो टोपी घालतो आणि 'विकास' हा शब्द मेव्हण्याचं नाव घ्यावं तशा जिव्हाळ्यानं उच्चारतो. पंचायतीचं आजवरचं ठळक काम म्हणजे रस्त्याची पाटी. रस्ता व्हायचाय. तुझी आई, आपली यमुनाआये, बरी आहे. गुडघा धरतो, तरी टोपली घेऊन बाजारात जाते आणि घासाघीस करणाऱ्या मास्तरीणबाईंना बांगड्याच्या भावावरून अजून रडवते.

गेल्या जानेवारीत ग्रामसभेत बिबीजान उठली. तिचा मुलगा मुख्तार बोटीवर खलाशी होता हे तुला माहीत आहे. तो नोकरी सोडून परत आला, तो पिणं घेऊनच. दारूबंदीचे पोलीस त्याला उचलतात, तालुक्याच्या कोर्टात उभा करतात, साहेब विचारतात, कबूल? आणि हा लवकर घरी सुटावं म्हणून जे विचारतील ते कबूल करतो. गेल्या खेपेला त्यानं हातभट्टी लावल्याचंही कबूल केलं. मुख्तारला घरची चूल पेटवता येत नाही. तर बिबीजान पदर खोचून म्हणाली, "तुमच्या देवळात गाऱ्हाणा घालूक माणूस आसा. देवाक सगळा ठावक, तरी तेच्याफुडे बोलूक माणूस लागता. साहेबाक तर काय्येक ठावक नाय. तेच्याफुडे माझ्या झिलाच्या बाजून कोण बोलतलो?" महादू म्हणाला, "दारुड्यांचो वकील? मगे उद्या चोरांचोय नेमा!" त्यावर ती कडाडली, "चोरांक वकील आसतच, मेल्या! नसता तो पिणाऱ्यांक आणि पिश्या-वेड्यांक!"

एवढं झाल्यावर ठराव टाळता येईना. पदाला नाव काय द्यायचं यावर दीड तास गेला. कोणी 'वेड्यांचो पुढारी' सुचवलं, तर शिवा म्हणाला, "तो गेल्या इलेक्शनात निवडून दिलो मा!" शेवटी 'कैवारी' ठरलं. माणूस कोण, यावर मात्र दीड मिनिटही लागलं नाही. सहदेव म्हणाला, "नानाची जीभ तिखट, आणि तेका दुसरो धंदो नाय." दोन्ही खरं. कचेरीबाहेरच्या बाकावर बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली. पगार नाही, मान नाही, पंचायतीत एक स्टूल आहे, त्याचा एक पाय आखूड आहे.

पहिलं प्रकरण मुख्तारचंच. साहेबांनी विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, कैवारी. असं पद कायद्यात नाही, म्हणाले. मी म्हटलं, कायद्यात नाही साहेब, आमच्या वाडीत आहे. ते हसले. साहेब हसला की अर्धं काम होतं, हे मला जुनंच ठाऊक आहे. मी सांगितलं, या माणसाला भट्टी कशी लावतात ते विचारा. त्यांनी विचारलं. मुख्तारनं इतकं अगाध उत्तर दिलं, की शिपाईसुद्धा तोंड फिरवून उभा राहिला. भट्टीचा आरोप सुटला; पिण्याबद्दल आठ दिवस मिळाले, कारण पिणं खरं होतं. तो सुटून आला, महिनाभर बरा होता, मग पुन्हा प्यायला. मी पुन्हा गेलो. कैवाऱ्याचं काम असं आहे, लवू. यात जिंकणं फारसं नाही, जाणं आहे.

मग एक दिवस बिबीजान दारात आली. "माझ्या झिलाचा झाला. आता लवू खंय आसा, ता कोण इचारतलो?" ती हे विचारणार याची मी दहा महिने वाट पाहत होतो; वाट पाहण्याचेही प्रकार असतात. तुझ्या सुटकेसाठी यमुनाआयेच्या अंगठ्यानिशी तीन अर्ज मीच लिहून पाठवले होते. माझ्या हातचं उत्तम मराठी त्यांत खर्ची पडलंय. तिन्ही वेळा उत्तर आलं, मंजूर नाही. का, ते कोणी कळवलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. पण कैवारी म्हणून कचेरीत गेलो तेव्हा कारकुनानं तुझ्या कागदांचा बस्ता सोडून पुढ्यात टाकला. तिन्ही अर्जांवर शेरा एकच: मूळ अर्जातील मुलांबाबतचा मजकूर पाहता शिफारस करता येत नाही.

तो मजकूर तू ऐकला आहेस. छप्पन सालचा श्रावण. तुझा भाऊ शंकर समुद्रावरून परत आला नाही त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि तू रोज उजाडता उजाडता किनाऱ्यावरच्या होड्या सोडायचास, त्या त्याला शोधून आणतील म्हणून. तीन होड्या गेल्या. माणसं कावली होती, आणि कावायला कारण होतं. तुला इस्पितळात धाडावं म्हणून वाडीचा अर्ज गेला. चौकशीला मामलेदार आले ते घाटावरचे, त्यांना आपली गाऱ्हाण्याची रीत ठाऊक नाही. मोठी जागा नाही म्हणून देवळाच्या मंडपात बसले. कारकून अर्जाचं एकेक वाक्य वाचायचा आणि थांबायचा. आता त्या मंडपात कोणी खड्या आवाजात एक वाक्य म्हणून थांबला, की गाऱ्हाण्याच्या सवयीनं मागून काय उमटतं ते तुला सांगायला नको. हा इसम होड्या सोडून देतो. व्हय महाराजा! समजावल्यास ऐकत नाही. व्हय महाराजा! याजपासून लहान मुलांच्या जिवास धोका आहे. व्हय महाराजा! लक्ष्मीची दोन्ही पोरं तुझ्याजवळ बसून जाळं विणायला शिकत होती. तीही म्हणाली, व्हय. मामलेदारांनी लिहिलं, सर्वांचे एकमत. आणि मागच्या खांबाला टेकून तूही म्हणत होतास, प्रत्येक वाक्याला. मी तुझ्याकडे बघत होतो.

तो अर्ज मी लिहिला होता, लवू. सहदेवानं फक्त होड्यांचं सांगितलं. नुसत्या होड्यांवर अर्ज हलका वाटत होता, म्हणून मुलांचं वाक्य मी माझ्या पदरचं घातलं. सुचलं चटकन, बसलंही छान, आणि मी खूश झालो. सात वर्षं तुला तिथं ठेवलंय ते त्या वाक्यानं. हे बिबीजानला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, ती मला फाडून खाईल. ती म्हणाली, "आता तेच्यासाठी बोलतलंस, ता बरा. पण तेका इचारलंस? सात वर्सां सगळे तेच्याबद्दल बोलले. तेच्यावांगडा कोण बोलूक नाय." तुझ्याबद्दल नाही, तुझ्याशी बोलायचं; म्हणून हे पत्र. वीस तारखेला कचेरीत तुझी सुनावणी आहे. ते वाक्य खोटं आहे आणि माझं आहे, एवढं मी सांगणारच. ती माझी जबानी आहे, तिला तुझी परवानगी लागत नाही. सहदेव म्हणतो, "येवंदे तेका. मी होडयेक साखळी घालतलंय." यमुनाआयेला मी अजून काही बोललो नाही, आधी तुला, मग तिला. पण तुला यायचंय का, आणि तुझ्या वतीनं मी बोललेलं तुला चालेल का, हे तूच सांगायचंस. सोबत कार्ड ठेवलंय. त्यावर पत्ता बिबीजानचा घातलाय, म्हणजे मला नको म्हणताना तुला माझी भीड पडणार नाही. 'नाना नको' एवढं लिहिलंस तरी पुरे. मी बाहेर बाकावर बसेन, आत तू म्हणशील तो बोलेल. यायचं नसेल तर तसं लिही, कोणी ओढून आणणार नाही. वीस वर्षं मी लोकांच्या मनातलं त्यांना न विचारता लिहीत आलो. तुझ्या मनात काय आहे, ते मला ठाऊक नाही.

तू म्हणशील तर तुझाच,
नाना